पोथ्यांची घराणी लावताना

एकाच ग्रंथाच्या दहा-वीस हस्तलिखित प्रती समोर आल्या की पहिला मोह होतो तो सगळ्यात जुनी प्रत उचलून तीच छापायला घेण्याचा. दुसरा मोह बहुमताचा. बारा पोथ्यांत एक पाठ, म्हणजे एखाद्या जागचे शब्द एका रूपात, आणि तीन पोथ्यांत दुसरा, म्हणजे बारांचा खरा! दोन्ही वाटा फसव्या आहेत. त्या बारा पोथ्या एकाच चुकलेल्या प्रतीवरून उतरवलेल्या असतील तर त्यांचं मत एकच धरायचं, बारा नव्हे. म्हणून पाठ निवडण्याआधी घराणी लावावी लागतात. कोण कुणावरून उतरली, कोण कुणाची बहीण, कुठल्या दोघींची आई आज हरवली आहे, हे आधी कळायला हवं.

पुढे दिलेली पद्धत मुख्यतः ओवीबद्ध मराठी पोथ्यांसाठी आहे, पण तिचा सांगाडा संस्कृत ग्रंथांनाही चालतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली संपलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच पायावर उभी आहे.

नियम एकच आहे आणि तोच सतत निसटतो: सारखेपणावरून नातं ठरत नाही, सारख्या चुकीवरून ठरतं. दोन पोथ्यांनी मूळचा पाठ तसाच जपला असेल तर त्या मूळ ग्रंथाच्या वंशात आहेत एवढंच कळतं, आणि ते तर सगळ्याच पोथ्यांबद्दल खरं असतं. दोघींत एकच वेडीवाकडी, सहजी न होणारी चूक सापडली तर ती चूक आधी एकीच्या हातून झाली आणि मग वारशाने आली, असं म्हणता येतं. प्राण्यांच्या वर्गीकरणात जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० साली हेच मांडलं. नातं ठरवायला जुनी गुणलक्षणं नव्हे, मधल्या पूर्वजात नव्याने आलेली आणि पुढच्यांनी वाटून घेतलेली लक्षणं मोजायची. मगर दिसायला पालीच्या जवळची, पण नात्याने पक्ष्यांच्या जवळची आहे, कारण खवले आणि सरपटणं हा फार जुन्या पूर्वजांकडून आलेला वारसा आहे.

यादी आणि निशाण्या

सुरुवात यादीने करायची. प्रत्येक पोथीसाठी एक पान ठेवा आणि त्यावर एवढं लिहा: कुठे आहे, संग्रहातला क्रमांक, लिपी, कागद की ताडपत्र की भूर्जपत्र, किती पत्रं (पोथीची सुटी पानं), पानावर ओळी किती, ओळीत अक्षरं साधारण किती, सुरुवातीची किंवा शेवटची पत्रं गळाली आहेत का, आणि पुष्पिकेत, म्हणजे लेखनिकाने शेवटी केलेल्या नोंदीत, काय लिहिलं आहे. ओळी आणि अक्षरांचा आकडा बहुतेक जण गाळतात. तो पुढे उपयोगी पडतो, कारण एखाद्या पोथीत गळालेला मजकूर दुसऱ्या पोथीतल्या नेमक्या एका ओळीएवढा किंवा एका पानाएवढा भरला तर संशयाची सुई लगेच त्या पोथीकडे वळते.

पुष्पिकेतला शक तपासून घ्या. लेखनिक कधी कधी समोरच्या प्रतीतली पुष्पिकाही शकासकट उतरवून काढतो. ‘जसं पाहिलं तसं लिहिलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष माझा नाही’ अशा अर्थाचा श्लोक तर शेकडो पोथ्यांच्या शेवटी आहे आणि तो अगदी प्रामाणिक इशारा आहे. शक जुना आणि कागद-अक्षर नवं दिसलं तर तो शक आईचा समजावा. ही वाईट बातमी नाही. हरवलेल्या आईची तारीख फुकटात मिळाली.

प्रत्येक पोथीला छोटी निशाणी द्या. महाभारताच्या संपादकांनी लिपीचं किंवा प्रदेशाचं आद्याक्षर आणि क्रमांक अशी रीत ठेवली. ती सोयीची आहे, पण लिपीला घराणं समजू नका. त्याच आवृत्तीत काश्मिरी पाठाच्या एका अख्ख्या गटातल्या पोथ्या देवनागरीत लिहिलेल्या आहेत. लिपी देवनागरी, पाठ मात्र शारदा या काश्मिरी लिपीतल्या पोथ्यांचा. देवनागरी सगळीकडे वाचली जाई, म्हणून त्या लिपीतल्या पोथ्या सगळ्यांत जास्त मिसळलेल्या निघाल्या.

कुठला भाग ताडून पाहायचा

ग्रंथ दोनशे ओव्यांच्या आत असेल तर सगळाच ताडा. ज्ञानेश्वरीसारखा नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ असेल तर पहिल्या फेरीत सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी शंभर-शंभर ओव्या घ्या. तिन्ही ठिकाणं लागतातच. लेखनिकाच्या हातातली प्रत अर्ध्यात संपली, किंवा मालकाने ती परत मागून घेतली, तर पुढचा भाग तो दुसऱ्याच पोथीवरून लिहितो. मग एकाच पोथीचे पहिले पाच अध्याय एका घराण्यातले आणि पुढचे दुसऱ्या घराण्यातले. महाभारतात तर पर्वं सुटी सुटी लिहिली जात, त्यामुळे प्रत्येक पर्वाची घराणी नव्याने लावावी लागली. एकट्या आदिपर्वाच्या २३५ पोथ्या संपादक विष्णु सीताराम सुखठणकर यांना ठाऊक होत्या, त्यांतल्या ६० निवडून त्यांचे पाठभेद त्यांनी दिले. सगळ्याच ताडायच्या नसतात. पण निवड घराण्यांचा अंदाज आल्यावर करायची, आधी नाही.

पहिल्या ओव्या घेऊ नका. ग्रंथाचं मंगलाचरण बहुतेकांना पाठ असतं, लेखनिक ते समोर न पाहता लिहितो, आणि तिथे सगळ्या पोथ्या एकमेकींसारख्या दिसतात. निदान विसाव्या-पंचविसाव्या ओवीपासून सुरुवात करा.

तुलनापत्रक

आलेखाचा कागद किंवा संगणकावरची तक्त्याची फाईल घ्या. वरच्या ओळीत आधारासाठी कुठलाही एक छापील पाठ अक्षरागणिक एकेका चौकटीत लिहा. खाली प्रत्येक पोथीला एक ओळ. पाठ सारखा असेल तिथे चौकट कोरी, वेगळा असेल तिथे वेगळं अक्षर. अक्षर वाचताच येत नसेल तर प्रश्नचिन्ह, आणि कागद फाटला असेल तर त्याहून वेगळी खूण. ‘गळालं’ आणि ‘फाटलं’ यांची गल्लत केली की पुढचं सगळं वाया जातं. उजवीकडे शेऱ्यांसाठी रुंद जागा ठेवा. जादा ओव्या, समासातली भर आणि पत्र क्रमांक तिथे लिहायचे. आधारपाठाला मान द्यायचा नाही, तो नुसती खुंटी आहे.

काम दोघांनी करा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नोंदवायचं, मग अदलाबदल करून पुन्हा एक फेरी. एकट्याने केलं तर डोळा ओळखीचं तेच वाचतो. छायाचित्रांवरून काम करत असाल तर पानाच्या चारही कडा आणि पाठची बाजू त्यात आहे याची खात्री करा, कारण समास कापलेलं छायाचित्र निम्मा पुरावा गमावतं. ह्रस्व-दीर्घ, अनुस्वार, ‘येक’-‘एक’ हे दुरुस्त करू नका. जसं दिसतं तसं नोंदवा, फक्त वेगळ्या रंगात. मोडी पोथी असेल तर इकार-उकाराचा ह्रस्व-दीर्घ भेद नोंदवण्याचे कष्ट घेऊ नका, त्या लिपीत तो पाळलाच जात नाही.

दुरुस्त्या दोन तऱ्हांच्या असतात आणि त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. लेखनिकाने स्वतःच हरताळ (चूक झाकायचा पिवळा रंग) लावून किंवा हंसपद (गळालेलं भरायची खूण) घालून केलेली दुरुस्ती ही एक. नंतरच्या दुसऱ्या हाताने, वेगळ्या शाईने केलेली ही दुसरी. दुसऱ्या हातापुढे दुसरी पोथी असण्याची शक्यता दाट असते, म्हणून तिला स्वतंत्र निशाणी द्या.

पाठभेद तोलायचे, मोजायचे नाहीत

तीनशे ओव्यांतून शेकडो पाठभेद निघतात आणि त्यांतले बहुतेक नातं सांगायला निरुपयोगी असतात. शुद्धलेखनाचे फरक, जुन्या रूपाऐवजी चालू रूप, ‘आणि’ची भर, हे सगळे लेखनिक एकमेकांना न भेटताही करतात. त्यांना शून्य किंमत द्या. शब्दांची अदलाबदल आणि समानार्थी शब्द यांना थोडी किंमत. खरा भरवसा पुढच्यांवर.

पत्रांची उलटापालट: आईच्या पोथीत दोन सुटी पत्रं उलट क्रमाने लागली, लेखनिकाने तशीच उतरवली. लेकीत मजकूर मध्येच उडी मारतो, आणि उडीची जागा आईच्या पत्राच्या नेमक्या शेवटावर पडते. याहून भक्कम पुरावा क्वचितच मिळतो. मराठी पोथ्यांची पत्रं शिवलेली नसतात, म्हणून हा प्रकार आपल्याकडे भरपूर.

समासातला मजकूर चुकीच्या ठिकाणी घुसणं: गळालेला चरण समासात लिहून शेजारी ओळीचा आकडा टाकायची रीत होती. पुढच्याने आकडा वरून मोजायच्या ऐवजी खालून मोजला की चरण भलत्याच ओवीत जाऊन बसतो.

कोपरा झिजलेल्या पत्रामुळे ओळीआड ओळीत पडलेल्या रिकाम्या जागा. घराण्यात एकदाच शिरलेल्या जादा ओव्या. आणि ज्यातून चुकीचा असूनही बरा अर्थ निघतो असा वाचनदोष. निरर्थक चूक पुढचा लेखनिक दुरुस्त करून टाकतो, अर्थ देणारी चूक मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

वाचनदोष ओळखायचे तर आईची लिपी कशी दिसत असेल हे डोळ्यांपुढे आणावं लागतं. घ-ध, म-भ, ब-व, प-य-ष, थ-य या जोड्या नेहमीच्या. ख साठी ष लिहिण्याची सवय सर्रास. सगळ्यात फसवी आहे पडीमात्रा. जुन्या पोथ्यांत एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर नसून आधीच्या बाजूला उभ्या रेघेने दाखवलेली असते. ही रीत मागे पडल्यावर आलेल्या लेखनिकाला ती रेघ आधीच्या अक्षराचा काना वाटते. ‘लोकदेव’ असं लिहिलेलं तो ‘लोकादव’ वाचतो आणि मग त्याला अर्थ द्यायला अजून काहीतरी बदलतो. दोन पोथ्यांत अशा चुका रांगेने सापडल्या तर दोघींच्या वर कुठेतरी पडीमात्रेची प्रत होती हे नक्की. पण ती एकच होती की दोन, हे नुसत्या या प्रकारावरून ठरत नाही. महानुभाव पंथाच्या सकळ या सांकेतिक लिपीतून देवनागरीत आलेल्या पोथ्यांनाही हाच सावधपणा लागतो, कारण उलगडणाऱ्याचे दोष त्यात वेगळे मिसळतात.

एक ओवी जवळून

नमुन्यासाठी रचलेली ओवी घेऊ:

देवा तूंचि एक जाणसी । जें माझिये मानसीं ।
तें बोलतां वाचेसी । थोकडें वाटे ॥

समजा सहा पोथ्या आहेत. ‘क’मध्ये वरचा पाठ जसाच्या तसा. ‘ख’ आणि ‘छ’मध्ये ‘थोकडें’च्या जागी ‘थोडकें’. ‘ग’मध्ये ‘थोडकें’ तर आहेच, शिवाय ‘बोलतां’च्या जागी ‘तोलतां’. ‘घ’ आणि ‘च’मध्ये ‘थोकडें’ शाबूत, पण ‘तोलतां’ आहे आणि दुसरा चरण अख्खा गळाला आहे.

आता ‘थोडकें’वरून गट केला तर ख, ग, छ एकत्र येतात. ‘तोलतां’वरून केला तर ग, घ, च. ‘ग’ दोन्हीकडे, म्हणजे एक पुरावा खोटा आहे. ‘थोडकें’ हे नंतरच्या काळी रुळलेलं रूप, कुणाही लेखनिकाच्या हातून आपोआप उतरेल. ‘तोलतां’ मात्र आधीच्या ‘तें’मधला त जिभेवर राहिल्याने झालेली चूक आहे, आणि तिला अर्थ लावता येतो, म्हणून ती कुणी खोडली नाही. तीन लेखनिकांनी ती स्वतंत्रपणे करणं अवघड. तेव्हा ग, घ, च हा गट धरायचा आणि ‘थोडकें’ बाजूला ठेवायचा.

क, ख, छ यांच्यात ‘बोलतां’ सारखं आहे म्हणून त्यांचा गट होत नाही. तो मूळ पाठ आहे. नवशिक्यांचे निम्मे वंशवृक्ष इथेच बिघडतात. चुकलेल्यांना वेगळं काढल्यावर उरलेल्यांचंही एक घराणं आहे असं वाटतं, प्रत्यक्षात ते नुसतं उरलेलं असतं.

घ आणि च मधला गळालेला चरण? ‘जाणसी’ आणि ‘मानसीं’ दोन्ही सी वर संपतात. लिहिणारा ‘जाणसी’ लिहून मान वर करतो, नजर परत नेतो आणि ती खालच्या सी वर पडते. ओवीत यमकच असल्यामुळे ही गळती कुणाकडूनही, कुठेही होते. म्हणून एवढ्यावर घ-च बहिणी ठरवायच्या नाहीत. दुसरीकडे कुठे दोघींत पत्रं उलटी सापडली तर मात्र ठरवायचं. निदान दोन वेगळ्या भागांतून मिळून तीन स्वतंत्र, सहजी न होणाऱ्या सामाईक चुका असल्याशिवाय गट जाहीर करू नये.

घ-च गट पक्का झाला की पुढचा प्रश्न: ‘च’ ही ‘घ’वरूनच उतरली आहे का? त्यासाठी ‘घ’च्या स्वतःच्या चुका पाहा. त्या सगळ्या ‘च’मध्ये असतील आणि वर ‘च’च्या आणखी काही असतील, तर ‘च’ लेक. मग ती पाठनिर्णयातून काढून टाका, तिच्याकडे नवीन साक्ष नाही. अपवाद एवढाच की ‘घ’ आज जिथे फाटली आहे तिथे ‘च’ ठेवायची. पण ‘घ’ची एखादी अशी चूक, जी अंदाजाने सुधारताच आली नसती, ‘च’मध्ये नसेल तर दोघी बहिणी. मग त्यांच्यावर एक हरवलेली आई मांडायची, आणि ती आई व ‘ग’ यांच्यावर आणखी एक हरवलेली आजी. हरवलेल्यांना पोथ्यांच्या निशाण्यांशी गल्लत होणार नाही अशी वेगळी चिन्हं द्या.

वंशवृक्ष कुठे मोडतो

ही सगळी पद्धत एका गृहीतावर चालते: लेखनिकापुढे एकच प्रत होती. विद्वान लेखनिक मात्र दोन-तीन प्रती समोर ठेवून बरा वाटेल तो पाठ घेतो, आणि असा माणूस आळशी लेखनिकापेक्षा आपल्या कामाला जास्त घातक. ज्ञानेश्वरीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. शके १२१२ मधल्या ग्रंथाची एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून शुद्ध प्रत केली, आणि तीत स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवतो असंही बजावून ठेवलं. त्या प्रतीचा मान एवढा वाढला की आधीच्या पोथ्याही लोक तिच्याबरहुकूम सुधारून घेऊ लागले. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली एकनाथपूर्व पाठाची म्हणून एक ज्ञानेश्वरी छापली तेव्हा एवढी खळबळ का झाली, ते यावरून कळतं.

सरमिसळीच्या खुणा अशा: एकच पोथी दोन गटांच्या भक्कम चुका दाखवते. समासात दुसऱ्या गटाचे पाठ दिसतात. किंवा एकाच ओवीत दोन्ही गटांचे पाठ शेजारी शेजारी येऊन चरण लांबतो. या शेवटच्या प्रकारामुळे ग्रंथ फुगतात, कारण सोडून देण्यापेक्षा ठेवून घेणं पुण्याचं वाटतं. गणपतीने व्यासांचं महाभारत लिहून घेतल्याची घरोघरी माहीत असलेली गोष्ट चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे, कारण महाभारताच्या सगळ्या वाचनांत, म्हणजे प्रांतागणिक वेगळ्या झालेल्या रूपांत, ती सापडत नाही. महाभारतासारख्या मिसळलेल्या परंपरेत सुखठणकरांनी मूळ एकाच प्रतीपर्यंत पोचण्याचा हट्ट सोडला. उत्तरेची आणि दक्षिणेची वाचना एकमेकींशी संपर्क नसताना जिथे जुळतात तो पाठ जुना, ही कसोटी त्यांनी मुख्य धरली. सरमिसळ दाट असेल तर तुम्हीही गटांपाशी थांबा, खोड काढायचा आग्रह धरू नका.

दुसरा धोका दोन फांद्यांचा. फ्रेंच अभ्यासक जोसेफ बेदिए यांनी १९२८ साली दाखवून दिलं की संपादकांचे जवळपास सगळे वंशवृक्ष मुळाशी दोनच फांद्यांचे निघतात. तीन फांद्या असतील तर दोघींचं मत तिसरीला हरवतं आणि संपादकाला गप्प बसावं लागतं. दोनच असतील तर निवड त्याच्या हाती राहते. तेव्हा तुमच्या वृक्षाला वर दोनच फांद्या आल्या तर त्यांतली प्रत्येक फांदी कोणत्या चुकांवर बांधली आहे ते पुन्हा तपासा. बहुतेकदा तिथे ‘उरलेल्यांचा’ गट सापडतो.

संगणकाची मदत घ्यायला हरकत नाही. १९९८ साली इंग्लंडमध्ये जुना इंग्रज कवी चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या एका प्रस्तावनेच्या ५८ हस्तलिखितांचे पाठभेद जीवशास्त्रातल्या वंशवृक्षाच्या प्रणालींना खायला घातले गेले आणि उपयोगी गट मिळाले. पण नुसत्या सारखेपणाचे आकडे मोजणाऱ्या प्रणालीला कुठला पाठ मूळ आणि कुठला चुकीचा हे कळत नाही. ती फक्त जाळं देते, मूळ कुठे आहे ते नाही. कुठल्या पाठातून कुठली चूक निघाली, यावरून मूळ तुम्हाला ठरवावं लागतं. तक्ता भरताना शून्य किंमतीचे पाठभेद गाळून एकदा आणि सगळे घेऊन एकदा अशी दोनदा प्रणाली चालवा. जे गट फक्त दुसऱ्या वेळी दिसतात ते बहुधा एका काळच्या किंवा एका प्रांताच्या लेखनसवयींचे असतात.

वृक्ष छापताना नक्कल दाखवायला सरळ रेघ, सरमिसळ दाखवायला तुटक रेघ वापरा, आणि प्रत्येक हरवलेल्या प्रतीच्या खाली ती ज्या चुकांवर मांडली त्या ओव्यांचे क्रमांक द्या. क्रमांक नसलेली फांदी वाचकाने नाकारली तर तक्रार करायला जागा उरत नाही.